आधारची झेरॉक्स आणि पीडीएफ सगळीकडे देताय? या चुका टाळा

आधारचा १२ आकडी नंबर कुणाला कळला म्हणजे लगेच खातं रिकामं होतं असं नाहीये, त्यासाठी ओटीपी किंवा अंगठा लागतो. पण म्हणून बिनधास्त राहू नका. कार्डावर नंबरासोबत नाव, फोटो, जन्मतारीख, पत्ता असं सगळं एकाच जागी असतं, आणि पासवर्ड बदलता येतो, सिम बदलता येतं, आधार नंबर मात्र आयुष्यभर तोच. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हापासून आपण किती ठिकाणी झेरॉक्स देऊन आलोय याचा हिशोब कुणाकडेच नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवणं. तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब दिवसभर चालू असतं, तुमची फाइल डाउनलोड्समध्ये जाऊन बसते, नंतर येणाऱ्या प्रत्येकाला स्क्रीनवर फाइलची नावं दिसतात. पासवर्डचं म्हणाल तर नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, हे आता सगळ्यांना पाठ आहे आणि तरी आपण तो त्याच मेसेजखाली लिहून देतो. बरं, 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी डाउनलोड झालेली कॉपी तिथेच राहते. त्यामुळे प्रिंट हातात आली की लगेच निघू नका, डाउनलोड्स आणि रिसायकल बिन दोन्हीकडून फाइल उडवायला सांगा, यात लाजण्यासारखं काहीच नाही.

दुसरी चूक, जिथे अर्ध्यावर काम भागतं तिथे पूर्ण आधार देणं. मायआधार वेबसाइटवर डाउनलोड करताना 'मास्क्ड आधार'ची टिक असते, ती केली की पहिले ८ आकडे झाकले जातात, फक्त शेवटचे ४ दिसतात. हॉटेल, भाड्याची खोली, सोसायटीचं गेट, सगळीकडे आधी हेच द्या. चालत नाही म्हणाले तर लायसन्स किंवा व्होटर कार्ड दाखवा. कागदच द्यावा लागला तर झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहा, कशासाठी दिली आणि तारीख. याने गैरवापर शंभर टक्के थांबत नाही पण तीच कॉपी दुसरीकडे खपवणं अवघड होतं.

आणि 'आधार कंपल्सरी आहे' असं कुणी म्हटलं की मान डोलावू नका. सुप्रीम कोर्टाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार बँक खातं, सिम, शाळेचा प्रवेश यासाठी आधारची सक्ती करता येत नाही. पॅन आणि सरकारी अनुदानाच्या योजना वेगळ्या, तिथे लागतंच.

बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारमधल्या बोटांच्या ठशांचा वापर बंद करून ठेवणं, हे न करणं ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण यात थेट पैसा जातो. आधारवरून पैसे काढायच्या सिस्टिममध्ये बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी येतच नाही, आणि जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याच्या केसेस पोलिसांनी पकडल्यात. मायआधारवर लॉगिन करून लॉक करा, पाच मिनिटांचं काम आहे. मग रेशन दुकानात अंगठा लागेना, किंवा आईवडिलांचा पेन्शनचा हयातीचा दाखला अडकला, तर मशीन बिघडलं समजून दहा वेळा बोट दाबत बसू नका, लॉकमुळेच तसं होतंय. तेवढ्यापुरतं अनलॉक करा, काम झालं की लॉक परत लागलंय का तेही बघा.

लॉगिनचा ओटीपीच येत नसेल तर बहुतेक वेळा जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर आधारला जोडलेला असतो. हे पुढे ढकलू नका, आधार केंद्रात जाऊन चालू नंबर टाकून घ्या.

कॉपी आधीच कुठेतरी गेली असेल तर घाबरून काही होत नाही, तपासत राहा. मायआधारवर ऑथेंटिकेशन हिस्टरीत गेल्या सहा महिन्यांत आधार कधी आणि कशाने वापरलं, ओटीपीने की बोटाने, ते दिसतं. आपण न केलेली नोंद दिसली तर आधारच्या हेल्पलाइनवर, १९४७ वर कॉल करा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघा, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच रिपोर्ट होतो. आणि पैसे गेले असतील तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँकेला कळवा, बाकी चौकशी नंतर.