ओट्यावरचे डाग काढताना या चुका टाळा

सणवार जवळ आले की माझ्या मोबाइलवर ओट्यांचे फोटो यायला लागतात. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला, निम्मा चकाकणारा फोटो आणि खाली एक ओळ: 'दादा, हे निघेल ना?' ठाण्यात आणि नवी मुंबईत ओटे बसवणं, घासून पॉलिश करणं हे माझं काम. ओट्याला डाग पडायचेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नुसत्या डागामुळे ओटा बदलायची वेळ आलेली मी फारशी पाहिलेली नाही. वाट लागते ती डाग काढायच्या खटाटोपात, आणि बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात.

दगड कोणता हे न बघता बाटली उघडणं

ही सगळ्यांत मोठी चूक आहे, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

'आमचा काळा ओटा आहे' असं लोक सांगतात. काळा म्हणजे काय? काळा ग्रॅनाइटही असतो आणि काळा कडप्पाही असतो. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजं असतात, लिंबू-व्हिनेगरने त्याला सहसा काही होत नाही. कडप्पा हा चुनखडीचा दगड. कोटा आणि शहाबादीही चुनखडीचेच. संगमरवर त्याच घराण्यातला. या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि आम्ल लागलं की ते विरघळतं. वाटीखाली राहिलेलं आमसुलाचं पाणी, चिंचेचा कोळ, अर्धं कापून पालथं ठेवलेलं लिंबू, एवढंही पुरतं. मग जो निस्तेज गोल दिसतो तो डाग नसतोच. तिथला वरचा चकचकीत थर गेलेला असतो. जे गेलंय ते घासून परत कसं येईल? पण लोक घासत बसतात.

ओळखायचं कसं? सिलिंडरच्या मागे किंवा मिक्सरखाली, कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसा आणि तिरक्या उजेडात बघा. तिथली चमक गेली असेल तर दगड चुनखडीच्या घराण्यातला. काहीच फरक दिसला नाही तर बहुधा ग्रॅनाइट. पाच मिनिटांचं काम आहे, पण तेवढीही कळ कोणाला काढवत नाही.

नेरूळचं एक घर सांगतो. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या घरांत अजून कडप्प्याचे ओटे दिसतात. चांगले जाड, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. तसलाच ओटा. गणपती तोंडावर आलेले. काकू बाजारात गेल्या होत्या, आणि आईला खूश करावं म्हणून मुलाने ओटा साफ करायला घेतला. घरात संडास धुवायचं ॲसिड होतं, ते त्याने थेट ओट्यावर ओतलं. ओट्यावर पांढरा फेस आला. फेस आला म्हणजे मळ सुटतोय, असं त्याला वाटलं. म्हणून आणखी ओतलं आणि तारेच्या घासणीने घासलं. फेस येतच राहिला. येणारच होता, कारण मळ कधीच संपला होता आणि आता ओटाच विरघळत होता.

पाणी मारल्यावर ओटा काळा दिसला म्हणून तो निर्धास्त झाला. वाळल्यावर राखेच्या रंगाचा झाला, आणि ॲसिड जसं ओघळलं होतं तसे पट्टे उठले. मग कोणीतरी सांगितलं, खोबरेल तेल लावा. लावलं. दोन दिवस ओटा झकास काळा दिसला. तिसऱ्या दिवशी त्या तेलावर मोदकाची पिठी बसली आणि चिकट राखाडी थर झाला. मला बोलावलं तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्हीच बघा, मला याच्याकडे बघवत नाही."

आधी तेल काढलं. मग मशिनने खरखरीत डिस्कपासून बारीक नंबरपर्यंत एकेक करत घासत गेलो. हे काम पाणी मारत करावं लागतं, सगळीकडे काळा चिखल उडतो. डबे, देव, फ्रिज, सगळं झाकून ठेवलं होतं. ओटा आला परत, बऱ्यापैकी. पण एक गोष्ट तोवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. ओट्याखालच्या स्टीलच्या ट्रॉल्यांवर आणि भांड्यांवर तपकिरी ठिपके उठले होते, मोहरीच्या दाण्याएवढे. ॲसिडची वाफ स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही. ओटा घासता आला, ट्रॉल्या बदलाव्या लागल्या.

तेव्हा संडासाची बाटली संडासातच ठेवा. ओटा ग्रॅनाइटचा असला तरी. हलक्या रंगाच्या काही ग्रॅनाइटमध्ये लोहाचा अंश असतो, ॲसिडने तो गंजतो आणि दगड आतूनच पिवळट पडतो. तो पिवळेपणा मशिनने घासूनही नीट जात नाही.

आणि ॲसिडवर ब्लीच किंवा ब्लीचवर ॲसिड कधीही ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो. छोट्या, बंद स्वयंपाकघरात त्याने जिवावर बेततं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणं

हा व्हिडिओ बघून केलेला प्रकार. सोडा भुरभुरवायचा, वरून व्हिनेगर ओतायचं, फसफस झाली की टाळ्या. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ओट्यावर उरतं ते जवळजवळ खारं पाणी. त्याने डाग गेलाच, तर तुम्ही नंतर चोळलेल्या फडक्याने गेला असं समजा. सोडा वापरायचा तर सोडा वापरा, व्हिनेगर वापरायचं तर व्हिनेगर, आणि तेही चुनखडीच्या दगडावर नाही. फसफस बघायची हौस असेल तर इनो प्या.

हळदीला साबण लावून घाबरणं

पांढऱ्या ओट्यांची फॅशन आल्यापासून निम्मे फोन हळदीचेच असतात. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत पांढरा क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड, बघून घर पसंत करतात आणि पहिल्या फोडणीला रडू येतं. आपल्या घरात रोज हळद लागते हे ओटा निवडताना का आठवत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

हळद सांडल्यावर लोक आधी साबण किंवा सोडा लावतात. पिवळा डाग लालभडक होतो. मग आरडाओरडा. अहो, हळदीत चुना घातला की कुंकवासारखा लाल रंग येतो, हे आपल्या आजीला माहीत होतं. इथेही तेच झालं. साबण अल्कली, त्याने हळदीचा रंग पालटला. डाग वाढलेला नाही, खोलही गेलेला नाही. मग कोणीतरी त्यावर लिंबू चोळतं. लाल परत पिवळा होतो आणि घरात जाहीर होतं की उतरायला लागला. कुठला उतरतोय! रंग फक्त पूर्वपदावर आला. आणि ओटा संगमरवरी असेल तर लिंबाने चमक गेली ती वेगळीच.

मी काय करतो ते सांगतो. हळद सांडली असेल तर आधी कोरडीच उचलतो, जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने. ओलं फडकं नंतर. डाग जुना असेल तर लेप लावतो. मेडिकलच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, साधारण 6 टक्क्यांचं. खायच्या सोड्यात ते मिसळून इडलीच्या पिठाहून थोडं घट्ट करायचं. डागापेक्षा बोटभर जास्त जागेवर जाडसर थापायचं, वर प्लास्टिकचा कागद, कडांना चिकटपट्टी. 24 तास हात लावायचा नाही. मग कागद काढून लेप पूर्ण वाळू द्यायचा, कारण वाळतानाच तो दगडात मुरलेला रंग ओढून घेतो. वाळल्यावर कार्डाने खरवडायचा, पुसायचं, बघायचं. जुन्या डागाला दुसरा, तिसरा लेपही लागतो.

इथेच सगळे घाई करतात. दोन तासांनी कागद उचकटून बघतात, 'काही फरक नाही' म्हणून फोन करतात आणि घासणी हातात घेतात. लेप लावून विसरून जाणं ज्याला जमतं त्याचाच डाग जातो.

पेरॉक्साइडला हातमोजे घाला, कातडी पांढरी पडून चुरचुरते. गडद दगडावर ते वापरू नका, रंग फिकट होऊ शकतो. क्वार्ट्झवर आधी कोपऱ्यात करून बघा. डाग खिडकीजवळ असेल तर पडदा उघडा ठेवा, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. हळदीने पिवळा झालेला प्लास्टिकचा पाट तर सरळ गच्चीत उन्हात ठेवा, काही लावायची गरज नाही.

तेलाच्या डागावर पाणी मारत राहणं

गॅसच्या बाजूला, तेलाची किटली ठेवतो तिथे, फिकट ग्रॅनाइटवर गडद गोल दिसतो. तेल दगडात मुरलेलं असतं, ते वरून पाणी मारून येत नाही. ताजं असेल तर टाल्कम पावडर किंवा मैदा जाड पसरून रात्रभर ठेवा. जुनं असेल तर सोड्यात ॲसिटोन कालवून वर सांगितलाय तसाच लेप. पण ॲसिटोन भडकन पेटतं. गॅस बंद, देव्हाऱ्यातला दिवा शांत, खिडकी उघडी, मगच बाटली उघडा. ॲक्रिलिकच्या ओट्यावर, ज्याला सगळे कोरियन म्हणतात, ॲसिटोन अजिबात नको.

सिंकजवळचा गडद पट्टा मात्र बहुतेक वेळा तेल नसतं. सिंकच्या कडेचं सिलिकॉन सुटलेलं असतं आणि तिथून दगड पाणी पितो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. वरून काय वाटेल ते लावा, उपयोग शून्य. जुनं सिलिकॉन खरवडा, कड दोन दिवस कोरडी ठेवा, नवीन भरा.

नळाभोवतीचा पांढरा थर चाकूने टोकरणं

उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या घोडबंदरच्या सोसायट्यांत हा थर हमखास. मोरबे धरणाचं पाणी येतं त्या नवी मुंबईच्या घरांत मला तो कमी दिसतो. पाण्यातले क्षार वाळून साचलेले असतात. ग्रॅनाइट असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, फडकं भिजवून दहा मिनिटं ठेवा आणि पुसून भरपूर पाण्याने धुवा. कडप्पा किंवा संगमरवर असेल तर हे करू नका. तो थर आणि तो दगड रसायनाच्या हिशेबाने भाऊभाऊच आहेत, आम्ल दोघांनाही खाईल. तिथे फक्त दाढीचं पातं, आडवं धरून, अलगद. चाकूच्या टोकाने नाही.

बाकीचं भराभर सांगतो. तारेची घासणी ओट्यावर आणूच नका. तारेचा तुकडा फटीत अडकून गंजतो आणि नवा डाग देतो. ओली विळी, लोखंडी खलबत्ता ओट्यावर रात्रभर ठेवू नका. गंजाच्या डागावर ब्लीच तर नकोच, तो आणखी पक्का होतो. टूथपेस्टने क्वार्ट्झ चमकतो म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या ओट्यावर करून बघावं. दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून लावतात तो सीलर दर पावसाळ्याआधी लावायचा की नाही यावर वाद घालू नका, पाण्याचे चार थेंब टाका. दहा मिनिटांत खालचा दगड गडद झाला तर सीलर संपलाय. आणि डाग असलेल्या ओट्यावर सीलर कधीही मारू नका, तो डागालाच आत कोंडून ठेवतो. हे काही कारागीरही करतात. त्यांना कामावर ठेवू नका.

क्वार्ट्झवर गरम कढई टेकवणं

क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा चुरा रेझिनमध्ये बांधून केलेला पत्रा. साधारण 150 अंशांपुढे ते रेझिन करपायला लागतं. वड्यांच्या तेलाची कढई 180 अंशांच्या आसपास असते, डोश्याचा तवा त्याहून गरम. 'एकदाच ठेवली होती' असं सगळेच सांगतात, आणि ते खरंही असतं, एकदाच पुरते. चुंबळ, लोखंडी तिवई, जुना पाट, काहीही घ्या, पण मध्ये काहीतरी असू द्या.

हा पिवळट-तपकिरी गोल पेरॉक्साइडने निघत नाही, लेपाने निघत नाही, आणि मशिन मारायला गेलं तर तेवढ्या जागेची झिलई वेगळी दिसते. माझ्याकडे त्यावर औषध नाही. तुकडा कापून जोड द्यायचा तर त्याच लॉटचा पत्रा मिळाला पाहिजे, नाहीतर जोडाचा रंग उठून दिसतो. बरेच जण मग त्यावर मिक्सर ठेवतात. मीही तेच सुचवतो, फक्त मिक्सरची वायर तिथवर पोचते का ते आधी बघून घ्या.