पोरांना पाखरं दाखवायला नेण्याआधी

पहिली तयारी म्हणजे आपण एकट्यानं जाऊन यायचं. मुलांना न्यायच्या तीन-चार दिवस आधी, त्याच वाटेनं, त्याच सुमाराला. पाखाडीच्या पायऱ्या उतरून, नारळी-पोफळीच्या आगरातून समुद्राच्या पुळणीवर जायला पाच वर्षांच्या पायांना किती वेळ लागेल, सावली कुठे आहे, कुत्री कुठल्या वळणावर अंगावर येतात, हे सगळं बघून ठेवायचं. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. तीस मुलं एकदम सुरूच्या बनातून ओरडत बाहेर पडली आणि पाण्याकाठचा सगळा थवा एका झेपेत खाडीपलीकडे गेला. मुलं हिरमुसली. त्यानंतर एका मोठ्या माणसामागे आठच मुलं, असा नियम मी केला आणि तो आजवर मोडला नाही. मुलांच्या आयांना बोलवा, त्या आनंदानं येतात.

महिना नोव्हेंबरचा धरा. भातकापणी झालेली असते, मळ्यात गायबगळे फिरत असतात आणि थंडीचे पाहुणे किनाऱ्यावर उतरलेले असतात. आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तर शाळा उघडल्यावर जावं, पाखरं कुठे पळून जात नाहीत.

दिवस मात्र तिथी बघून ठरवायचा. आपल्याकडचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वाआठला पाणी सर्वांत मागे. चतुर्थीला नऊला. हा अंदाज आहे, तेव्हा गावातल्या मच्छीमारदादांना विचारून पक्का करून घ्या. तृतीया-चतुर्थी मला मुलांसाठी सर्वांत सोयीच्या वाटतात, कारण आपण पोचतो तेव्हा ओल्या वाळूवर पाखरं चरत असतात आणि मग हळूहळू वर चढणारं पाणीच त्यांना आपल्याकडे आणतं. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर येतं आणि पाखरू लख्ख दिसतं. संध्याकाळी तीच पाखरं नुसत्या काळ्या सावल्या होतात. खाडीच्या मुखाशी मुलांना घेऊन उभं राहू नका, तिथं पाणी कधी वेढा घालतं ते कळत नाही.

वर्गातली तयारी दोन दिवसांची, आणि ती टाळू नये. एका परातीत ओली वाळू भरायची. काही शेंगदाणे वर ठेवायचे, काही बोटभर खोल पुरायचे. एका मुलाला आखूड चिमटा द्यायचा, दुसऱ्याला लांब. वरचे दाणे दोघांना मिळतात, खालचे फक्त लांब चिमटेवाल्याला. एकाच पुळणीवर इतक्या जातींची पाखरं भांडणाशिवाय कशी जेवतात, हे मुलांना न सांगता कळतं. मग सुपारी आणि अडकित्ता पुढे ठेवायचा (कातरून आपणच दाखवायचं) आणि विचारायचं, अशी चोच कुणाची? पोपटाची, हे उत्तर लगेच येतं. पाण्यातली मोहरी गाळणीनं उचलली की बदकाची चोच कळते. जास्वंदीच्या फुलात बारीक नळी घालून शिंजीर कसा मध पितो ते दाखवता येतं. घारीच्या चोचीसाठी मी कोयत्याचं वाकडं टोक लांबून दाखवते, हातात देत नाही.

परसात किंवा वाटेवर सुगरणीचा गळून पडलेला खोपा मिळाला तर जपून आणा. झावळीला लटकलेला काढायचा नाही, रिकामा वाटला तरी. पडलेल्या खोप्यात मुलांना बोट घालू द्या, आत ओल्या मातीचे वाळलेले गोळे लागतात. मग सांगा, नाव सुगरण असलं तरी विणकाम नर करतो. अर्धा खोपा झाला की मादी येऊन बघते, पसंत पडला तर तो पुढची नळी विणतो, नाहीतर तो तसाच राहतो. हे सालिम अलींनी आपल्याच अलिबागजवळच्या किहीमला 1930 साली रोज बसून टिपलं. आपल्या किनाऱ्यावर बसून कुणीतरी एवढं बघितलं, याचं मुलांना फार अप्रूप वाटतं.

धनेशासाठी एक मोठं खोकं लागेल, वरून उघडं. खोक्याला समोरून एक उभी चीर पाडायची. एका मुलीला आत बसवायचं, एका मुलानं बाहेरून चिरेतून बोरं द्यायची. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखलानं तोंड लिंपून घेते, फक्त एक चीर ठेवते. आत तिची उडायची पिसंही झडतात. अंडी, पिल्लं, सगळं आत, आणि नर वड-उंबराची फळं चोचीनं पोचवत राहतो. गेल्या वर्षी खोक्यातली मुलगी म्हणाली, "बाई, बाबा आलेच नाहीत तर?" वर्ग गप्प झाला. या प्रश्नाचं उत्तर गोड करून सांगू नये. बाबा आला नाही तर आतली उपाशी राहतात, म्हणून ढोलीच्या झाडाखाली दंगा करायचा नाही, गलोल मारायची नाही आणि जुनं मोठं झाड तोडायचं नाही, हे मी त्यांना तसंच सांगितलं. त्या मुलीच्या आजोबांनी बागेतल्या जुन्या बेहड्याविषयी मला नंतर येऊन विचारलं. तो अजून उभा आहे.

घरून एक गोष्ट विचारून आणायला सांगा: आजी या पाखराला काय म्हणते? भारद्वाजाला कुकुडकोंबा, समुद्री गरुडाला काकण. टिटवी ओरडली की वाईट होतं, पिंगळा अपशकुनी, हेही घरूनच येईल. आजीला खोटं पाडू नका. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, म्हणून कुणी जवळ आलं की जिवाच्या आकांतानं ओरडते, एवढं सांगितलं की पुरतं. काकणाचं घरटं कुठल्या उंच झाडावर आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पण मुलांना त्याच्या बुंध्याशी नेऊ नका, थंडीत त्यांचा विणीचा काळ असतो. लांबून बघा. खाली पडलेली माशांची आणि समुद्रसापांची हाडं आपण आधीच चार उचलून आणली असली तर जेवणाचं कोडं वर्गात सोडवता येतं.

दुर्बीण एक असली तरी पुष्कळ. एवढ्या लहानांना ती डोळ्याला नीट लावता येत नाही, आणि पाळीसाठी भांडणं होतात. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाची नळी करून प्रत्येकाच्या हातात द्या. मोठं काही दिसत नाही, पण नजर एका जागी ठरते. कपडे मातकट, हिरवे. टोपी, पाणी. खाऊ परतल्यावर. कुरवांना (समुद्रावरच्या पांढऱ्या-करड्या पाखरांना) शेव-कुरमुरे टाकायचे नाहीत हे निघण्याआधी सांगून ठेवा, तिथं गेल्यावर सांगून उपयोग होत नाही.

पुळणीवर नाव आधी सांगू नका. नाव मिळालं की मुलाची नजर तिथंच संपते, हे मी इतक्या वेळा बघितलंय. आधी विचारा, ते काय करतंय? चिखल्या धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो. तुतवार शेपूट हलवतच असतो. आठ मुलांनी तशी चाल करून दाखवली की मग नाव. चाळीस मिनिटांत परत फिरा, मुलं आणखी थांबायला म्हणाली तरी.

वाटेत खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर काय, हेही आधी ठरवून ठेवा. पिसं न फुटलेलं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर अलगद परत ठेवायचं. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकत असतं, त्याला राहू द्यावं आणि मांजर-कुत्रं तेवढं हाकलावं. शाळेत परतल्यावर आधी सगळ्यांचे हात साबणानं, मग पेज आणि पापड, आणि त्यानंतर पाटी-खडू. चित्र आठवणीतून काढू द्या, समोर पुस्तक ठेवू नका.