अख्ख्या वर्गाला काय समजलं, हे एका फोनवर कसं पाहावं

"समजलं का?" असं विचारलं की वर्गातून एका सुरात "हो" येतं. त्या "हो"वर किती विसंबायचं, हे शिकवणारा प्रत्येक जण जाणून असतो. हात वर करणारी मुलंही ठरलेलीच. म्हणून वर्गात तंत्रज्ञान आणायचं असेल, तर पहिला मान व्हिडिओला किंवा झगमगीत स्लाइडना देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्या मुलांची उत्तरं एकाच वेळी शिक्षकासमोर यावीत, हे त्याचं पहिलं काम. त्यासाठी प्रत्येकाच्या हातात टॅब लागत नाही. शिक्षकाचा एक स्मार्टफोन, कागदी कार्डं आणि एखादा संगणक एवढ्यावर भागतं. प्रोजेक्टर असेल तर उत्तम.

आधी प्रश्न, ॲप नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. प्रश्न फसला, तर पुढचं सगळं यंत्र फुकट.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घेऊ. "०.८, ०.४५ आणि ०.१२५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती?" हा प्रश्न वरवर चांगला दिसतो. काही मुलं दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात. त्यांना १२५ मोठा वाटतो, ती ०.१२५ निवडतात आणि चूक पकडली जाते. पण काही मुलांची समजूत बरोबर उलटी असते: जितके अंक कमी, तितकी संख्या मोठी. ती ०.८ निवडतात. उत्तर बरोबर, कारण साफ चूक, आणि आपण खूश होऊन पुढे जातो.

आता ०.८च्या जागी ०.३ ठेवा. बरोबर उत्तर झालं ०.४५. अंक मोजून मोठी संख्या ठरवणारं मूल ०.१२५कडे जाईल, उलट्या समजुतीचं ०.३कडे. कोण कुठे अडलंय, ते निवडलेल्या पर्यायावरूनच कळतं. चौथा पर्याय "मला अजून कळलेलं नाही" असा ठेवा, म्हणजे अंदाजपंचे उत्तरं कमी होतात. एका तासाला असे दोन प्रश्न पुरेत. चुकीचे पर्याय सुचत नसतील, तर मुलांच्या जुन्या वह्या चाळा. तिथे ते तयारच सापडतात.

कार्डं छापा

"प्लिकर्स" नावाचं ॲप याच कामासाठी आहे. त्याच्या संकेतस्थळावरून कार्डं उतरवून साध्या प्रिंटरवर छापता येतात. प्रत्येक कार्डावर एक काळी चौकटीदार आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं बारीक टाइपात असतात. मुलानं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं. शिक्षकानं फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवला की कोणाचं काय उत्तर आहे, ते फोनवर उमटतं. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कॉपी करणं जवळजवळ अशक्य.

कार्डं जाड कागदावर छापा. लॅमिनेशन चकचकीत असेल तर प्रकाश परावर्तित होतो आणि कॅमेरा चुकतो, मॅट चालतं. मुलांची बोटं आकृतीवर येत असतील, तरीही कार्ड वाचलं जात नाही. कार्ड कडेला धरायचं, हे पहिल्याच दिवशी करून दाखवा. कार्डाचा क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवला की रोजचं वाटप सोपं होतं. ॲपमध्ये पूर्ण नावं भरायची गरज नाही. क्रमांक किंवा आद्याक्षरं पुरतात, आणि मुलांची माहिती बाहेरच्या सर्व्हरवर जितकी कमी जाईल तितकं बरं.

तासात काय करायचं

प्रश्न फळ्यावर किंवा पडद्यावर दाखवा. मिनिटभर पूर्ण शांतता. मग कार्डं वर, फोन फिरवा. बरोबर उत्तर लगेच सांगू नका आणि आकडेही पडद्यावर झळकवू नका. बहुमत दिसलं की मुलं विचार सोडून बहुमताकडे सरकतात.

पुढे काय करायचं, यासाठी हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत उपयोगी पडते. व्याख्यान छान होऊनही विद्यार्थ्यांच्या मूळ संकल्पना कच्च्याच राहतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती वापरली. ढोबळ हिशेब असा: तीस टक्क्यांपेक्षा कमी मुलं बरोबर असतील तर पुन्हा शिकवा, सत्तरच्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जा. मधल्या पट्ट्यात असाल तर शिकवू नका, मुलांनाच बोलू द्या. "तुझ्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला शेजारी शोध आणि त्याला पटवून दे," एवढीच सूचना. दोन-तीन मिनिटांनी तोच प्रश्न, तीच कार्डं, पुन्हा फोन.

हा गोंगाट सहन करायला शिकावं लागतं. शेजारच्या वर्गातून कोणी डोकावून गेलं, तरी चालू द्या. फिरताना मुलांची वाक्यं ऐका: "अरे, पंचेचाळीस नाही ते, चार दशांश आणि पाच शतांश!" ज्याला हे कालच उमगलंय, त्याला दुसरा नेमका कुठे अडतो ते आपल्यापेक्षा चटकन कळतं.

चर्चेनंतरही गाडी अडली, तर चित्राकडे वळा. जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संख्यारेषा मोठी करत नेली की ०.१ आणि ०.२च्या मधली जागा उघडते आणि ०.१२५ कुठे बसतो ते दिसतं. विज्ञानाच्या तासाला हेच काम कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, करतात. दोन्ही आधी उतरवून ठेवली, तर इंटरनेटशिवाय चालतात. मात्र बटण दाबण्याआधी "आता काय होईल?" याचं उत्तर प्रत्येकाला वहीत लिहायला लावा. नाहीतर मुलं नुसती बघत बसतात.

तास संपल्यावर

ॲपमधला तक्ता पाच मिनिटं पाहा. ०.१२५ निवडणाऱ्यांना आणि ०.३ निवडणाऱ्यांना वेगळा सराव लागतो. एकच गृहपाठ दोघांना देऊन उपयोग नाही. या उत्तरांना गुण देऊ नका. गुण आले की मुलं हुशार मित्राला विचारून कार्ड फिरवू लागतात आणि आपला तक्ता खोटा पडतो. आठवड्यानं आकडे बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारा.

नेट गेलं किंवा फोनची बॅटरी संपली, तर तास थांबवायचं कारण नाही. मुलांना डोळे मिटून छातीशी एक ते चार बोटं धरायला सांगा. नेमकी नोंद राहणार नाही, पण पुन्हा शिकवायचं की पुढे जायचं, ते एका नजरेत ठरवता येतं.