सेंट्रल लाइनचा सराव मॅनिकिनवर घेताय? या चुका टाळा

"मॅडम, पुतळ्याला कुठे इन्फेक्शन होतंय?"

मुंबईतल्या एका स्किल लॅबमध्ये मी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी (कॅथेटर), मॅनिकिनवर म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर टाकायला शिकवते, आणि तेव्हापासून हे वाक्य दर बॅचला ऐकते. मग गाऊन नाही, हातमोजे साधे, ड्रेपच्या, म्हणजे रुग्णावर अंथरायच्या निर्जंतुक कापडाच्या, जागी जुना टॉवेल. पहिल्या वर्षी मीही चालवून घेतलं. निर्जंतुक किट स्टोअरमधून सुटायला चार सह्या लागतात, खोटं कशाला बोलू!

आणि या विषयात ज्या अभ्यासाचं नाव हमखास निघतं, तो नेमका इन्फेक्शनबद्दलच आहे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जेफ्री बार्सुक आणि सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. रेसिडेंटना (शिकाऊ निवासी डॉक्टरांना) आधी सिम्युलेटरवर, म्हणजे अशाच सरावाच्या साधनावर, तयार केलं आणि मगच आयसीयूत लाइन टाकायला पाठवलं. त्या आयसीयूत कॅथेटरमुळे होणारा रक्तातला संसर्ग दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) ३.२० वरून ०.५० वर आला. हात धुण्यापासून ड्रेपपर्यंतच्या पायऱ्या गाळून सराव केला, तर शिकायचं तेच गाळलं.

दुसरी चूक आकडा वाचतानाच होते. लोक वाचतात "सिम्युलेटर" आणि निघतात खरेदीला. बार्सुक यांच्या पद्धतीत आधी चाचणी, मग सराव, मग चेकलिस्टवर पुन्हा चाचणी. ठरलेली पातळी गाठली नाही तर परत सराव. येल विद्यापीठातला २००२ चा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा प्रयोगही तसाच. रेसिडेंट १६च, पण व्हर्च्युअल रिअॅलिटीवर तज्ज्ञांची पातळी गाठेपर्यंत सराव केलेल्यांनी पित्ताशय २९ टक्के लवकर सोडवलं आणि चुकाही कितीतरी कमी केल्या. आपल्याकडे मात्र रजिस्टरवर दोन तास भरले, सही झाली, झालं शिक्षण! तास मोजू नका. चेकलिस्टवर कुठली पायरी तिसऱ्यांदा चुकली ते बघा.

आता एक अगदी बारीक गोष्ट, जी माझ्या लक्षात यायला सहा महिने गेले. एक बॅच अचानक फार हुशार निघाली. पहिल्याच टोचणीत शीर! जवळ जाऊन पाहिलं, तर मॅनिकिनच्या गळ्यावरच्या रबरी कातडीत आधीच्या बॅचच्या सुयांची भोकं, चाळणीसारखी, एकाच जागी. मुलं शीर शोधतच नव्हती, भोक शोधत होती. अल्ट्रासाउंडच्या जेलच्या ठोकळ्यातही जुन्या सुयांच्या वाटा पडद्यावर दिसतात. कातडी सरकवता किंवा उलटवता येत असेल तर तसं करा, नाहीतर बदला. ठोकळ्याची बाजू फिरवा.

अशीच फसगत सीपीआरच्या सरावातही होते. मॅनिकिन बिछान्यावर ठेवून छाती दाबण्याचा सराव घेत असाल, तर खाली कडक फळी घाला. नाहीतर गादीच दबते आणि मुलांना वाटतं छाती पाच सेंटिमीटर दबली.

सगळ्यात जास्त बळी जातो तो सरावानंतरच्या चर्चेचा. साडेचार वाजले की अर्ध्या बॅचचे डोळे घड्याळाकडे, कारण कर्जत फास्ट लोकल चुकते. पण सिम्युलेशनवरच्या अभ्यासांचा २००५ मध्ये जो मोठा आढावा निघाला, त्यात शिकण्याला मदत करणाऱ्या गोष्टींत शिकणाऱ्याला त्याच्या कामाबद्दल प्रतिसाद (फीडबॅक) देणं पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणून मी आता प्रात्यक्षिकच वीस मिनिटं आधी थांबवते.

त्यातही प्रश्न कसा विचारता याला महत्त्व आहे. एका रेसिडेंटच्या हातून गाइडवायर, म्हणजे जिच्यावरून नळी शिरेत सरकवतात ती तार, सुटली. खऱ्या रुग्णात ती आत सरकू शकते, म्हणजे साधी चूक नव्हे. "का सोडलीस?" विचारलं असतं तर "सॉरी मॅडम" मिळालं असतं. मी म्हटलं, "तार सुटलेली मला दिसली, आणि भीती वाटली. त्या क्षणी तुझी नजर कुठे होती?" तो म्हणाला, "डायलेटर (वाट रुंद करायचं साधन) शोधत होतो. ट्रे डाव्या बाजूला, मागे होता." ट्रे मीच लावला होता. चर्चा नसती, तर तो पुढच्या बॅचलाही तिथेच राहिला असता.

राहता राहिला किटचा प्रश्न. मुदत संपलेले किट आणि धुतलेले ड्रेप आम्ही पुन्हा बांधतो, वर लाल शाईने "फक्त सरावासाठी" लिहितो. हे सामान वॉर्डात गेलं तर अनर्थ, म्हणून कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे असते.