पीपीपी ओव्हर एटीएम: व्हीसी मक्स की एलएलसी, हे आधी पलीकडच्याला विचारा

खानापुरात पावसाळ्यात लाईन पडली की सगळे आधी तारेला दोष देतात. मीही दिला. एका पतसंस्थेच्या शाखेत राउटर बदलला होता. डीएसएलचा (फोनच्या तारेवरच्या इंटरनेटचा) दिवा हिरवा, स्थिर, पण पीपीपी, म्हणजे राउटर आणि लाईन देणारे यांच्यातली लॉगिनची जोडणी, काही उठेना. ही लाईन एटीएमवर चालते; इथं एटीएम म्हणजे पैशाचं यंत्र नव्हे, तर माहिती ठरावीक आकाराच्या तुकड्यांत (सेलांत) नेणारी पद्धत. दीड दिवस मी जोड सोलून बघितले, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला. मॅनेजर बाई तासातासाला "झालं काय ओ?" विचारायच्या, आणि बाहेर पिग्मी एजंट भरणा घेऊन ताटकळलेले. शेवटी चूक एका ओळीत निघाली: पीपीपी एटीएममध्ये गुंडाळायचे (एन्कॅप्सुलेशनचे) दोन प्रकार असतात, मी एलएलसी ठेवलं होतं, पलीकडं व्हीसी मक्स होतं. लाईन देणाऱ्यांच्या कागदावर व्हीपीआय, व्हीसीआय (सर्किटचे दोन क्रमांक) होते, एन्कॅप्सुलेशनचा रकाना कोरा.

म्हणून पहिलं काम फोन करायचं. आमच्या भागात तिकडचा माणूस बहुतेक कन्नड बोलतो. मी सरळ विचारतो, "एन्कॅप्सुलेशन यावुदु री?" (कोणतं आहे हो?) उत्तर मिळेपर्यंत सेटिंगला हात लावत नाही. आणि पीपीपीओए (पीपीपी थेट एटीएमवर) की पीपीपीओई (पीपीपी इथरनेटच्या फ्रेममधून), हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. बीएसएनएलच्या एडीएसएलवर सहसा व्हीपीआय/व्हीसीआय ०/३५, पीपीपीओई आणि एलएलसी असतं. ती सवय पीपीपीओएच्या लाईनीवर नेली की माझ्यासारखं होतं.

फरक काय, तो समजून घ्या. पीपीपीओएचं मानक म्हणजे १९९८ चं आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २३६४. व्हीसी मक्समध्ये अख्खं सर्किट पीपीपीलाच दिलेलं असतं, त्यामुळं आत काय आहे ते सांगायची गरज नाही. फ्रेम थेट पीपीपीच्या प्रोटोकॉल क्रमांकानं सुरू होते. एलएलसीमध्ये त्याच्या आधी चार बाइटांची ओळखचिठ्ठी लागते: एफई, एफई, ०३, सीएफ. मक्सवाल्या टोकाला एलसीपीचा (पीपीपीच्या पहिल्या बोलणीचा) क्रमांक सी०-२१ हवा असतो. त्याला एफई-एफई मिळालं की ते फ्रेम टाकून देतं. दिवा हिरवा राहतो, कारण डीएसएलला यातलं काही कळत नाही.

सिस्कोच्या राउटरवर पीव्हीसीखाली (पीव्हीसी म्हणजे कायमचं ठरवून दिलेलं सर्किट) मक्ससाठी 'एन्कॅप्सुलेशन एएएल५मक्स पीपीपी डायलर', आणि एलएलसीसाठी 'एन्कॅप्सुलेशन एएएल५स्नॅप' व त्याखाली 'प्रोटोकॉल पीपीपी डायलर'. 'एएएल५सिस्कोपीपीपी' हा त्यांचा स्वतःचा प्रकार. दोन्ही टोकांना सिस्को असेल तरच. मग 'डीबग पीपीपी निगोशिएशन' लावा. एलसीपीच्या विनंत्या एकामागून एक जातायत आणि उत्तर एकही नाही, असं दिसलं तर व्हीपीआय-व्हीसीआय ताडून बघा, आणि ते बरोबर असतील तर प्रकार बदला. पासवर्डचा प्रश्न एलसीपी उघडल्यावरच येतो. मी पासवर्डमागं घालवलेला वेळ त्यामुळंच वाया गेला.

दोन्ही टोकं आपल्या हातात असतील तर मी व्हीसी मक्स घेतो. आरएफसीप्रमाणं पीव्हीसीवर ते प्रत्येक उपकरणाला यायलाच हवं. एलएलसीही यायलाच हवं. एकाच सर्किटवर पीपीपीशिवाय दुसरंही काही न्यायचं असेल, किंवा पलीकडं फ्रेम रिलेशी जोडणी असेल, तर मात्र एलएलसी.

वेग वाढेल म्हणून मक्स घ्या, असं कोणी सांगितलं तर आधी गणित करा. एटीएमचा सेल ५३ बाइटांचा, त्यात माल ४८. पॅकेटला पीपीपीचे २ आणि एएएल५ चे (पॅकेट सेलांत बसवणाऱ्या थराचे) शेवटचे ८ बाइट, एलएलसी असेल तर आणखी ४, जोडायचे आणि ४८ नं भागून वरचा पूर्णांक घ्यायचा. १५०० चं पॅकेट मक्समध्ये १५१०, एलएलसीमध्ये १५१४. दोन्हीकडं ३२ सेल. फायदा शून्य. ४० बाइटांची टीसीपी पोचही दोन्हीकडं २ सेल. पण एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १४७८ केला तर मक्समध्ये बरोबर १४८८, म्हणजे ३१ सेल काठोकाठ. एलएलसीत १४९२, म्हणजे ४ बाइटांपायी अख्खा ३२ वा सेल. एलएलसीच घ्यावं लागलं तर त्याच ३१ सेलांसाठी एमटीयू १४७४ ठेवा.

फोनचा आवाज या लाईनीवरून जाणार असेल तर पीपीपीओई आणि पीपीपीओए यांतला फरक जास्त महत्त्वाचा. जी.७२९ चं (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीचं) ६० बाइटांचं पॅकेट पीपीपीओएच्या दोन्ही प्रकारांत २ सेलांत मावतं. पीपीपीओई, एलएलसी ब्रिजिंगवर त्यालाच ३ सेल लागतात.

खानापूरच्या त्या राउटरवर मी आता चिठ्ठी डकवली आहे: '८/३५, पीपीपीओए, व्हीसी मक्स'. वर मराठीत, खाली कन्नडमध्ये, कारण पुढच्या वेळी तिथं कोण जाईल ते ठरलेलं नसतं.