पानांच्या अर्काची सुरक्षितता तपासताना या चुका टाळा

औषधी पानांच्या अर्काने पेशी मेल्या नाहीत, म्हणून अर्क निर्धोक आहे, असा निष्कर्ष प्रकल्प-अहवालांत सर्रास काढला जातो. पुष्कळदा जिवंत पेशींचा म्हणून दाखवलेला आकडा पेशींचा नसतोच. पेशी जिवंत आहेत का, हे रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या द्रव्याचे फॉर्मॅझान या जांभळ्या रंगद्रव्यात रूपांतर करतात; परंतु पेरूच्या किंवा निर्गुंडीच्या पानांतील पॉलिफिनॉल ही संयुगे हेच काम पेशींशिवायही करू शकतात आणि मग पेशी मरत असतानाही यंत्र त्या जिवंत असल्याचे दाखवते. यासाठी ९६ खळग्यांच्या प्लेटवर काही खळगे पेशींविना ठेवून त्यांत केवळ माध्यम, अर्क आणि एमटीटी घालावे. तेथेही जांभळा रंग आला, तर ते आकडे ग्राह्य धरू नयेत. एमटीटी घालण्यापूर्वी पेशींवरील अर्क धुऊन काढावा आणि निष्कर्ष पेशींतील प्रथिने रंगवून मोजणाऱ्या सल्फोरोडामाइन बी चाचणीने पडताळून पाहावा. पदार्थ जनुकांत बदल घडवतो का, हे जिवाणूंवर पाहणाऱ्या एम्स चाचणीत याच्या उलट घडते: तिच्यातील जिवाणू हिस्टिडीन या अमिनो आम्लाशिवाय वाढू शकत नाहीत, पण पानांतील हिस्टिडीनमुळे त्यांच्या वसाहती वाढतात आणि निरुपद्रवी अर्कावर उत्परिवर्तक (जनुकांत बदल घडवणारा) असल्याचा ठपका बसतो.

काही चुका मात्र प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच झालेल्या असतात. गोव्यात ऐन पावसाळ्यात तोडलेली पाने दमट खोलीत वाळत घातली की त्यांवर बुरशी धरते, आणि पुढे दिसणारी विषाक्तता वनस्पतीची की बुरशीची, हे सांगता येत नाही. डिचोली, सांगे भागांत खनिजवाहतुकीच्या रस्त्यालगतची पाने शक्यतो घेऊच नयेत, नमुना कोठलाही असला, तरी शिसे (मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम) आणि कॅडमियम (०.३ मिलिग्रॅम) आधी तपासावेत. गुळवेलीच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी, यकृताला इजा करू शकणारी टिनोस्पोरा क्रिस्पा येऊ नये, म्हणून वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून वाळवलेला नमुना जपून ठेवावा.

द्रावकाची, म्हणजे अर्क काढण्यासाठी वापरायच्या द्रवाची, निवडही विचारपूर्वक करावी. घरात अडुळशाचा काढा पाण्यात उकळून घेतात. मिथेनॉलमध्ये काढलेल्या अर्काची घटकरचना वेगळी असल्याने त्याचा निकाल त्या काढ्याला जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे.

उंदरांना किलोमागे २,००० मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन १४ दिवसांत मृत्यू न आढळल्यास केवळ तीव्र विषाक्तता कमी असल्याचे दिसते. रोज घ्यायच्या औषधासाठी निदान २८ दिवसांची, आणि वापर दीर्घकाळ चालणार असेल तर ९० दिवसांची, पुनरावृत्त मात्रेची (रोज डोस देऊन करायची) चाचणी हवी व तीत यकृत आणि मूत्रपिंडाच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीही व्हायला हवी.