स्विफ्टचा आलेख सुरुवातीला सपाट दिसतोय? आधी या चुका तपासा

यवतमाळ-गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या कॉलेजातही गॅमा-किरण स्फोटांवर खराखुरा प्रकल्प होऊ शकतो, कारण नासाच्या स्विफ्ट या अवकाश-वेधशाळेच्या एक्स-रे दुर्बिणीचा डेटा सगळ्यांना खुला आहे. नेट तुटक असेल तर कच्चा डेटा ओढत बसू नका; लेस्टर विद्यापीठाच्या स्विफ्ट केंद्रावर तयार लाइट कर्व्हची, म्हणजे वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखाची, लहानशी मजकूर-फाइल मिळते. मात्र आफ्टरग्लोची, म्हणजे स्फोटानंतर मंदावत जाणाऱ्या प्रकाशाची, सुरुवात सपाट दिसली, की लगेच ‘प्लॅटो (तेज जवळजवळ स्थिर राहणारा टप्पा) सापडला’ असं लिहू नका. प्लॅटो खरेही असतात, म्हणूनच खोटा ओळखू येत नाही.

पहिली चूक शून्य वेळ धरण्यात होते. जीआरबी (गॅमा-किरण स्फोट) २२१००९ए घ्या. ९ ऑक्टोबर २०२२ ला फर्मी या दुसऱ्या गॅमा-किरण उपग्रहाने तो १३:१६:५९ यूटीला (जागतिक वेळेला) टिपला. स्विफ्टचा ट्रिगर पडला, म्हणजे स्फोटाची नोंद झाली आणि तिचं घड्याळ शून्यावरून सुरू झालं, १४:१०:१७ ला. फरक ३१९८ सेकंदांचा. म्हणजे स्विफ्टच्या हिशेबात २०० सेकंदांवरचा बिंदू खरा ३३९८ सेकंदांवरचा. दोन्ही अक्ष लॉगचे, त्यामुळे सुरुवातीचा उतार पार झोपतो. प्रत्येक वेळेत ३१९८ मिळवा, मगच उतार काढा. इतर स्फोटांसाठीही कुणी आधी टिपला होता का, ते जीसीएन सूचनांत (अशा स्फोटांची खबर खगोलशास्त्रज्ञांना देणाऱ्या जाळ्यावर) बघाच.

कच्च्या डेटातून कर्व्ह काढणाऱ्यांना पाइल-अप, म्हणजे फोटॉनांची गर्दी, नडतो. दुर्बिणीच्या फोटॉन काउंटिंग मोडमध्ये सीसीडीची (फोटॉन टिपणाऱ्या चिपची) एक फ्रेम २.५ सेकंदांची. तेवढ्यात दोन फोटॉन एकाच जागी पडले, तर एकच मोजला जातो. जिनिंगच्या काट्यावर दोन बंड्या एकदम चढल्या, तर पावती एकच निघेल आणि वजन दोघींचं, तसंच हे. मोजणी कमी भरल्याने तेजस्वी सुरुवात दबते, ऊर्जा मात्र जास्त दिसते. सेकंदाला ०.५ काउंटच्या वर सावध व्हा; तेजस्वी स्रोतांसाठीच्या वेगवान विंडोड टायमिंग मोडमध्ये शंभराच्या आसपास.

अशा वेळी मोजणीसाठी स्रोताभोवतीचं २० पिक्सेल त्रिज्येचं नेहमीचं वर्तुळ सोडून मध्यभाग वगळलेलं कडं घ्या. आतली त्रिज्या अंदाजाने ठरवू नका. बाहेरच्या भागावर पीएसएफचा (दुर्बिणीत बिंदूसारखा स्रोत किती पसरतो, त्याचा) वक्र बसवून तो आत वाढवा; मोजलेले बिंदू जिथून त्याच्या खाली घसरतात, तिथपासून आतला गाभा काढून टाका. एआरएफ (दुर्बिणीचं प्रभावी क्षेत्रफळ सांगणारी फाइल) बनवताना पीएसएफ दुरुस्ती चालू ठेवा, नाहीतर काढलेल्या गाभ्याइतका फ्लक्स, म्हणजे मोजलेलं तेज, कमी येईल.

मे २००५ मध्ये सूक्ष्म उल्केच्या आघाताने सीसीडीचे काही स्तंभ बाद झाले. स्रोत त्यांच्यावर पडला, की त्या प्रदक्षिणेचे बिंदू अचानक खाली येतात; एक्सपोजर मॅप (कोणत्या पिक्सेलने किती वेळ खरंच पाहिलं, त्याचा नकाशा) लावा. आणि स्विफ्टच्या पृथ्वीभोवतीच्या सुमारे दीड तासाच्या प्रत्येक प्रदक्षिणेत पृथ्वी आड येते. त्या रिकाम्या जागेवरून रेघ जोडू नका. तिथे फ्लेअर, म्हणजे तेजाचा अचानक भडका, होऊन गेलेला असू शकतो.